लाज वाटणे आणि लाज काढणे

ठाणे शहरात २०१६ च्या सुमारास एक चमत्कारिक देखावा दिसू लागला. ज्यांनी महानगरपालिकेचा मालमत्ता कर थकविला होता त्यांच्या दारी पालिकेची माणसे ढोलताशेवाल्यांस घेऊन जात आणि तेथे वाद्ये वाजवीत. आपल्याकडे ढोलताशा लग्नात वाजतो, गणपतीत वाजतो, शिमग्यात वाजतो. तो वाजला म्हणजे शेजारच्या खिडक्या उघडतात आणि मुले धावत येतात. ही गोष्ट पालिकेने बरोबर हेरली होती. जे काम नोटिशीने होत नव्हते ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी होऊ लागले. वसुली वाढली असे अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि ह्या युक्तीची वार्ता समुद्रापलीकडील वृत्तपत्रांपर्यंतही गेली.

हा उपाय सर्वस्वी वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. कोणास तुरुंगात टाकले नाही, कोणाच्या अंगास हात लावला नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा असून जो देत नव्हता त्यास देणे भाग पडले. जो गरीब भाडेकरू पाण्यासाठी पहाटे उठून नळापाशी उभा राहतो, त्याच्या नळाचा खर्च कोणी तरी चुकवीत असतो. तेव्हा कर बुडविणे हा निरुपद्रवी दोष नव्हे. मग अशा मनुष्याची थोडी लाज काढली तर बिघडले कोठे, असे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल. ह्याच प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. कारण गावात चोरी झाली, मारामारी झाली, कोणी कोणास फसविले, म्हणजे पंचांपुढे आणि मंडळीच्या वडिलांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. अपराध्याचे करावे काय? त्यास चारचौघांत उभे करून त्याची फजिती करावी, की दुसरे काही करावे?

मराठी भाषेने ह्या बाबतीत एक भेद फार पूर्वीच करून ठेविला आहे. लाज वाटते, आणि लाज काढली जाते. पहिली अपराध्याच्या मनात उपजते; दुसरी दुसऱ्याच्या हातून घडते. पहिलीने मनुष्य आपण काय केले ह्याकडे पाहतो. दुसरीने लोक आपणास काय करीत आहेत ह्याकडे पाहतो. लाज काढली म्हणजे लाज वाटतेच असे नाही. बहुतकरून राग येतो, आणि राग आला की मनुष्यास आपला अपराध लहान व आपला अपमान मोठा दिसू लागतो. दारी ढोल वाजला म्हणून ज्याने कर भरला, त्याने तो नगराचे देणे म्हणून भरला की ढोल बंद व्हावा म्हणून भरला? पालिकेस पैशाशीच काम होते, म्हणून तिने हे विचारले नसेल. परंतु ज्या पंचांस त्याच मनुष्यासह त्याच गावात पुढील तीस वर्षे राहावयाचे आहे, त्यांस हा प्रश्न टाळता येत नाही.

शिवाय, काढलेली लाज नेमकी अपराध्याच्याच माथी बसते असेही नाही. ढोल घरापुढे वाजतो. घरात त्या मनुष्याची वृद्ध आई असते, शाळेतून आलेली मुलगी असते. दुसऱ्या दिवशी वर्गात जिला हसतात तिने कोणता कर बुडविला? कैद निदान एका मनुष्यास होते. फजिती साऱ्या घरास होते.

आणखी एक गोष्ट. हे शस्त्र अपराध आणि दारिद्र्य ह्यांत भेद करीत नाही. हागणदारी बंद करण्याच्या मोहिमेत महाराष्ट्रभर ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली. भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या मनुष्यास गाठावयाचे, शिट्टी वाजवावयाची, गुलाबाचे फूल द्यावयाचे, कोठे कोठे त्याचे छायाचित्रही काढावयाचे. हेतू चांगला होता, आणि शौचकूप बांधले गेले तेही खरे. पण ज्याच्या झोपडीखालची जमीन त्याची नाही, ज्यास पिण्याचे पाणी एक कोसावरून आणावे लागते, त्या मनुष्यास फूल देऊन त्याची थट्टा करणे ह्यास न्याय म्हणावयाचे काय? शिट्टी वाजविणाऱ्याच्या घरी शौचकूप होता. एवढाच त्या दोघांतील भेद होता.

पोलिसांनी पकडलेल्या मनुष्यास त्याच्याच वस्तीतून दोरी बांधून फिरविणे, ह्यासही अलीकडे पुष्कळ टाळ्या मिळतात. गुंडाची दहशत मोडली असे म्हणतात. ज्यांनी त्या गुंडाचा त्रास भोगला त्यांच्या टाळ्या आम्ही समजू शकतो. परंतु तो मनुष्य अद्याप आरोपी असतो, दोषी ठरलेला नसतो. आणि उद्या तो निर्दोष ठरला तर त्या रस्त्यावरून त्यास उलटे फिरविता येत नाही. आरोपीस सरसकट बेड्या घालून नेणे हे माणुसकीस सोडून आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने प्रेमशंकर शुक्ला ह्यांच्या प्रकरणात १९८० सालीच दिला आहे. बेडीविषयी जे खरे ते धिंडीविषयी अधिकच खरे असले पाहिजे.

आणि धिंडीस माप नसते. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम ह्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले. अपराध घोर होता ह्यात शंका नाही. त्याची धिंड काढून त्यास लोकांच्या स्वाधीन केले, आणि लोकांनी त्यास दगडांनी ठेचून मारिले. न्यायाधीश शिक्षा सांगतो तेव्हा इतके फटके, इतके महिने, असे सांगतो. जमावाच्या हाती दिलेल्या शिक्षेस असा आकडा नसतो. दगड संपेपर्यंत किंवा मनुष्य संपेपर्यंत ती चालते.

येथे कोणी म्हणेल की आपल्या गावगाड्यात तर लाजेवरच सारा कारभार चाले. पंचायत, गोतसभा, वाळीत टाकणे ही आपलीच रीत आहे. होय, ती आपलीच आहे. पण तिचा अर्धा भाग आपण विसरलो. जुन्या काळी जातीने ज्यास दोषी ठरविले त्यास प्रायश्चित्त सांगत, आणि ते त्याने घेतले म्हणजे त्यास पंक्तीस बसवून सर्व जण त्याच्यासह जेवत. ह्यास पंक्तिपावन करणे म्हणत. ताटे मांडून सर्वांदेखत जेवणे झाले की दोष फिटला. ती प्रायश्चित्ते पुष्कळदा अन्यायाची असत. जो दोष नव्हेच त्यासही दोष म्हणत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहापानास हजर राहिले म्हणून न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी थोर पुरुषांवर जे ग्रामण्य उठले ते आमच्या जुन्या वाचकांच्या घरी ऐकून ठाऊक असेल. एका पेल्यासाठी रानड्यांसारख्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागले. असो. सांगावयाचे इतकेच की त्या जुन्या रीतीत, तिचे सर्व दोष धरूनही, परत येण्याची वाट होती आणि त्या वाटेच्या शेवटी जेवणाचे ताट होते.

आज जे उरले आहे ते बहुधा वाट नसलेले वाळीत टाकणे होय. आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे २०१९ साली कंजारभाट समाजातील एका कुटुंबाने नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या रूढीस विरोध केला, म्हणून त्यास जातीने दूर केले. त्या घरातील वृद्ध स्त्री वारली तेव्हा तिच्या अंत्ययात्रेसही जातीचे लोक आले नाहीत. अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणास! सुदैवाने तोवर महाराष्ट्रात कायदा झाला होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा विधिमंडळाने २०१६ साली संमत केला व २०१७ च्या जुलैपासून तो अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्याखाली अंबरनाथच्या प्रकरणी गुन्हा नोंदला गेला. म्हणजे समाजाने हातात धरलेली लाज हेच कधी कधी अपराधाचे हत्यार बनते, हे राज्याने मान्य केले. मग तेच हत्यार ढोलाच्या रूपाने राज्याने स्वतः उचलावे हे आम्हांस विसंगत वाटते.

तर मग अपराध्यास सोडून द्यावे काय? मुळीच नाही. आमचे म्हणणे उलट आहे. धिंडीने अपराध्यावर पडते त्याहून जड ओझे त्याच्यावर पडले पाहिजे. त्याने ज्याचे वाईट केले त्याच्यापुढे त्यास उभे राहावे लागले पाहिजे.

ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे धावणाऱ्या गाडीच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांशेजारून काठीचा फटका मारावयाचा आणि खाली पडलेला मोबाइल घेऊन पळावयाचे, हा चोरीचा प्रकार ह्या मार्गावरील प्रत्येकास ठाऊक आहे. मोबाइलबरोबर कधी मनुष्यही खाली येतो. कोणी पाय गमावतो, कोणी हात, कोणी प्राण. चोर सापडला तर पुढे काय होते पाहा. प्रथम लोक त्यास हाताशी लागेल तितके बडवितात. मग पोलीस येतात. मग खटला चालतो, तो सरकार विरुद्ध आरोपी असा. ज्याचा पाय गेला तो त्या खटल्यात केवळ साक्षीदार असतो. त्यास बोलावितात, विचारितात, आणि घरी पाठवितात. चोर तुरुंगात जातो. ठाण्याच्या किल्ल्यातील तुरुंगात किंवा कल्याणच्या आधारवाडीत, जेथे मुळातच माणसे मावत नाहीत. बडविणाऱ्यांचे समाधान झाले, सरकारचे समाधान झाले. पाय गेलेल्या मनुष्यास मात्र कोणी विचारिले नाही की बाबा, तुला काय हवे आहे. कदाचित त्यास भरपाई हवी असेल, कदाचित नोकरी. कदाचित त्यास त्या मुलास एवढेच विचारावयाचे असेल, की काठी उचलताना मी तुला माणूस दिसलो की नाही? (अशा मनुष्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करावा, अशी तजवीज २००९ पासून कायद्यात आहे. हे ज्यांस ठाऊक नाही त्यांस वाचकांनी सांगावे.)

हा विचार परदेशांत बराच पुढे गेला आहे. कॅनडातील एलमायरा नावाच्या लहान गावी १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. खिडक्या फोडल्या, गाड्यांची चाके कापली. मार्क यांट्झी नामक प्रोबेशन अधिकारी मेनोनाइट मंडळीतला होता. त्याने न्यायाधीशास सुचविले की ह्या दोघांनी त्या प्रत्येक घरी स्वतः जावे. न्यायाधीशाने तसा हुकूम केला. दोघे तरुण दारोदार गेले, आम्हीच ते, असे म्हणाले, नुकसान किती झाले ते विचारून घेतले, आणि काही महिन्यांत रक्कम चुकती केली. त्यांपैकी एकाने पुष्कळ वर्षांनी अपराधी व पीडित ह्यांची गाठ घालून देण्याचे काम पत्करिले. न्यूझीलंडने १९८९ साली कायदाच केला, की अल्पवयी मुलाने गुन्हा केला तर त्याचे कुटुंब आणि पीडित मनुष्य ह्यांस एकत्र बसवून विचार व्हावा. माओरी लोकांच्या जुन्या रीती त्या कायद्याच्या मुळाशी आहेत. त्याच वर्षी जॉन ब्रेथवेट ह्या ऑस्ट्रेलियन पंडिताने ग्रंथ लिहून दाखविले की लाज दोन प्रकारची असते; एक मनुष्यास कायमचा डाग देते, दुसरी त्याच्या कृत्याचा धिक्कार करून त्यास पुन्हा घरात घेते, आणि अपराध कमी होतात ते दुसरीने. वाटणे आणि काढणे ह्यांतील भेद आमच्या आजीबाईंस हा ग्रंथ न वाचता ठाऊक होता. तथापि पंडितांनी त्यास पुष्टी दिली हे बरे झाले.

ढोलाच्या गोष्टीवरून आम्हांस यरीहोच्या जक्कयाचीही आठवण होते. तो स्वतःच जकातदारांचा मुख्य. लोकांस नाडून श्रीमंत झालेला. साऱ्या गावाने त्याची लाज वर्षानुवर्षे काढली असेल, आणि त्याने एक पैसाही परत दिल्याचे कोठे लिहिलेले नाही. मग एक पाहुणा त्याच्या घरी उतरला. गाव कुरकुरले. जेवणास बोलावणे आले नसते तर जक्कय झाडावरून उतरून आपल्या पेढीवर गेला असता. पण त्याने उभे राहून ज्यास फसविले असेल त्यास चौपट देण्याचे कबूल केले. चौपट हे ध्यानात ठेवावे. क्षमा स्वस्त पडली असे कोणी म्हणू नये.

आता ह्या मार्गातील धोका सांगितला पाहिजे, आणि तो लहान नाही. समेट हा शब्द गोड आहे, म्हणूनच बलवानास तो फार आवडतो. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालविली. गावागावांत समित्या झाल्या आणि बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे अनेक तंटे कोर्टाबाहेर मिटले. ह्यात कित्येक कुटुंबांची वर्षे आणि पैसा वाचला. परंतु समितीत कोण बसतो हेही पाहावे लागते. पाटलाच्या पुतण्याने शेतमजुराच्या मुलीची छेड काढिली, आणि समितीत पाटलाचीच माणसे असली, तर जे मिटते तो तंटा की त्या मुलीचे तोंड? ‘झाले ते झाले, गावाची अब्रू राखा’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकिले आहे. गावाची अब्रू राखण्याचा बोजा दर वेळी जिची अब्रू गेली तिच्यावरच का पडावा, हे कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली स्पष्ट सांगितले आहे, की बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही. हे योग्यच आहे. जातीवरून केलेल्या अत्याचाराविषयीही आमचे मत तेच आहे. असल्या प्रकरणी पंचांनी समेटाची भाषा काढू नये. पीडितास घेऊन पोलीस ठाण्याची वाट धरावी.

जेथे समेट शोभतो तेथेही आधी पीडितास विचारावे, आणि ते अपराधी समोर नसताना विचारावे. त्याने नको म्हटले तर तेथेच थांबावे, त्यास कठोर म्हणू नये. दुबळ्याच्या बाजूस बसावयास कोणी तरी असावे. नुकसान रुपयांत मोजावे आणि ते फेडण्याची तारीख ठरवावी. नुसत्या अश्रूंवर प्रकरण मिटवू नये, कारण अश्रू चांगल्या नटासही येतात. आणि फेड झाली म्हणजे पुढील वर्षी जत्रेत, लग्नात, किंवा भांडणाच्या भरात ती गोष्ट कोणी उकरून काढू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. गावाची स्मरणशक्ती वाईट गोष्टींच्या बाबतीत फार तल्लख असते.

मुलांच्या बाबतीत तर कायद्यानेच हे विसरणे सांगितले आहे. ठाणे-कल्याणकडील जी मुले गुन्ह्यात सापडतात त्यांस भिवंडीच्या निरीक्षणगृहात ठेवितात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलाचे नाव, शाळा, वा छायाचित्र छापण्यास मनाई केली आहे, आणि मोठेपणी त्या गुन्ह्याचा डाग त्याच्या आड येऊ नये अशी सामान्यतः तजवीज केली आहे. वृत्तपत्राने जे करू नये ते आता हातातल्या मोबाइलवरून कोणीही करितो. गावातील मुलाने दुकानातून बिस्किटांचे पुडे चोरले, दुकानदाराने त्यास खांबास बांधून चित्र घेतले, आणि तासाभरात ते तालुकाभर फिरले. मुलगा पन्नास वर्षांचा झाला तरी ते चित्र नाहीसे होणार नाही. जुन्या धिंडीतले गाढव निदान संध्याकाळी घरी जात असे.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तीत एक लहानशी तरतूद आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, मनुष्य प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्यास तुरुंगात न पाठविता समाजसेवेची शिक्षा द्यावी. आधी परत कर, मग काम कर. आमच्या मते ही तरतूद चांगली आहे. परंतु ते काम कोठे होईल, कोणाच्या देखरेखीखाली होईल, आणि ते पाहावयास कोण जमेल, ह्यावर तिचे सारे फळ अवलंबून आहे. कल्याणच्या न्यायालयातून असा एखादा तरुण उद्या एखाद्या दवाखान्यात फरशी पुसावयास पाठविला जाईल. त्याच्या गळ्यात पाटी अडकवून चित्र काढणारे तेथे पुष्कळ मिळतील. दुपारी डबे उघडतील तेव्हा सरकून त्यास जागा देणारा, ये, बस, जेव, असे म्हणणारा कोणी मिळतो की नाही, हे पाहावयाचे आहे.